दिवाळीची सुट्टी, यात्रा आणि बंद मूठ

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील दीपावली स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारिणीने मला केली. मी पंडित नाही, वक्ताही नाही. वाणिज्य शाखेची पदवी पदरात पाडून कापडाच्या पेढीवर बसलो, तो आजवर बसलेलाच आहे. त्यामुळे माझ्या बोलण्यात जमाखर्चाची भाषा येईल, ती आपण गोड मानून घ्यावी.

कापड व्यापाऱ्याच्या घरी दिवाळी जरा उशिरा येते. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अमावास्येच्या पहाटे भगवान महावीरांच्या निर्वाणकल्याणकाचा लाडू चढवायचा, तेथून तडक दुकान गाठायचे आणि सायंकाळी वहीपूजन करायचे. भाऊबीज झाली की मग गर्दी ओसरते, मुलांच्या शाळांना अद्याप सुट्टी असते, चातुर्मास संपून मुनिसंघांचा विहार सुरू झालेला असतो आणि कार्तिक अष्टाह्निक पर्व समोर असते. हाच आमच्या घरचा यात्रेचा काळ. सुट्टी म्हणजे यात्रा आणि यात्रा म्हणजे चार घरांची सोबत, असे समीकरण लहानपणापासून मनात बसलेले आहे.

१९७०च्या दशकात श्रवणबेळगोळला जायचे तर मिरजेहून बंगलोरकडे जाणारी मीटरगेज गाडी धरावी लागे. अरसीकेरेला उतरायचे आणि पुढे मोटारीने चन्नरायपट्टणमार्गे क्षेत्री पोहोचायचे. बरोबर होल्डॉल, पितळी डबे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि फिरकीचा तांब्या. गाडी कोठेही असो, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेच पाहिजे. वडील पाणी गाळण्यासाठी दुकानातला जाड मांजरपाट दुहेरी शिवून घेत आणि प्रत्येक कुटुंबाला एकेक गाळणे देत. विहिरीचे पाणी गाळून झाले, की ते गाळणे उलटे धरून त्यावर गाळलेलेच पाणी ओतायचे आणि ते पाणी हळुवारपणे त्याच विहिरीत परत सोडायचे. आम्हा मुलांना तो खेळ वाटे. ज्याचे जीवन ज्या पाण्यात, त्याला त्याच पाण्यात पोहोचते करायचे, एवढाच त्याचा अर्थ वडील सांगत. अभयदानाचे याहून सोपे उदाहरण मला पुढे कोणत्याही प्रवचनात मिळाले नाही.

परंतु आज मला सांगायचे आहे ते वडिलांच्या दुसऱ्या एका वस्तूविषयी. तीही मांजरपाटाचीच होती. हात मनगटापर्यंत जाईल एवढ्या तोंडाची ती थैली. प्रवासाच्या पहिल्या दिवशी जेवणे उरकली की ती थैली फिरे. प्रत्येक घरच्या कर्त्या माणसाने बंद मूठ आत घालायची आणि उघडा हात बाहेर काढायचा. कोणी किती टाकले हे विचारायचे नाही, सांगायचे नाही. थैली सांभाळणारा दरवर्षी वेगळा. गाड्यांचे भाडे, धर्मशाळा, शिधा, डोलीवाल्यांची मजुरी हे सगळे त्यातूनच. परतीच्या वाटेवर पैसे अपुरे पडले तर थैली पुन्हा फिरे. उरले तर शेवटच्या क्षेत्राच्या भांडारात जात. हिशेब लिहिला जाई तो फक्त खर्चाचा. जमेची बाजू कोरी.

आमच्या शेजारच्या एका व्यापाऱ्याने वडिलांना विचारले होते, ‘‘शेठ, एखादा रिकामीच मूठ घालत असेल तर?’’ वडील म्हणाले, ‘‘घालत असेल. त्यालाही देवदर्शन झाले. आपले काय नुकसान झाले?’’ वडील व्यवहारात अतिशय कडक होते, उधारीची तारीख चुकलेली त्यांना खपत नसे. म्हणून त्यांचे हे उत्तर माझ्या अधिकच ध्यानात राहिले.

पुढे महाविद्यालयात पुस्तपालन शिकताना ‘घेणारा नावे, देणारा जमा’ हा नियम पाठ केला. व्यापारात तो अचूक आहे. दानात मात्र घेणाऱ्याच्या नावे काही लिहायचेच नसते. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाच्या शेवटी दानाची व्याख्या केली आहे. अनुग्रहासाठी आपल्या वस्तूचा त्याग म्हणजे दान, असा तिचा आशय. सर्वार्थसिद्धी या टीकेत पूज्यपाद आचार्य सांगतात की, हा अनुग्रह स्वतःवरही असतो आणि दुसऱ्यावरही. त्यापुढच्याच सूत्रात दानाचे फळ ज्या चार गोष्टींवर कमी-अधिक होते त्या सांगितल्या आहेत: विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. व्यापारी माणसाचे लक्ष स्वाभाविकपणे द्रव्याकडे जाते. सूत्रात मात्र पहिला शब्द विधी हा आहे. किती दिले याच्याही आधी कसे दिले, हे आचार्यांनी विचारले आहे.

या ‘कसे’ची कसोटी मी मित्रमंडळीत पाहिली. ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो, परीक्षेच्या आदल्या रात्री एकाच कंदिलाखाली ताळेबंद जुळवले, त्याला देणे हे सर्वांत अवघड दान आहे. अनोळखी माणूस मदत घेऊन निघून जातो. मित्राला उद्या पुन्हा आपल्या डोळ्यांना डोळा भिडवायचा असतो.

आम्ही बी.कॉम.चे चौघे मित्र. एक शिक्षक झाला, एक बँकेत लागला, एकाने इचलकरंजीत यंत्रमाग घातले आणि मी वडिलांच्या पेढीवर आलो. लग्ने झाली, मुले झाली, आणि वडिलांच्या पश्चात ती थैली आम्हा चार घरांकडे आली. कुंथलगिरी, मांगीतुंगी, गजपंथा, मुक्तागिरी अशा यात्रा आम्ही दिवाळीनंतरच्या सुट्टीत एकत्र केल्या. यंत्रमागवाल्या मित्राचे दिवस तेव्हा चांगले होते. थैलीत कोण किती टाकतो हे कळत नसे, परंतु ज्या वर्षी थैली जड लागे त्या वर्षी आम्ही तिघे त्याच्याकडे पाहून हसत असू.

पुढे धंद्याचे दिवस फिरले. सुताचा भाव सकाळी एक आणि सायंकाळी दुसरा, कापडाला उठाव नाही, वीजबिल मात्र थांबायला तयार नाही. या गावच्या माणसांना हे सांगायला नको. मित्राचे माग एकेक करून गेले. ज्या मागांवर घर उभे राहिले ते भंगारवाल्याने किलोने मोजून नेले. त्या वर्षी आमची श्रवणबेळगोळची यात्रा ठरली होती. मी फोन केला. खर्चाचा विषय काढला नाही, कारण तो काढण्याची प्रथाच आमच्यात नव्हती. मी एवढेच म्हटले, ‘‘तिसरीच्या दुसऱ्या दिवशी निघायचे आहे.’’ तिसरी म्हणजे काय ते त्याने विचारले नाही, तृतीया त्याला ठाऊक होती. थोडा थांबून तो म्हणाला, ‘‘थैली आहे ना?’’ मी म्हटले, ‘‘आहे.’’ ‘‘मग येतो.’’

तो आला. थैली फिरली. त्यानेही सगळ्यांसारखी बंद मूठ घातली आणि उघडा हात काढला. आत काय पडले ते मला आजही माहीत नाही.

त्या यात्रेत माझी आई बरोबर होती. वय ऐंशीच्या पुढे. विंध्यगिरीच्या कातळात कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढायच्या. डोली ठरवली होती, पण दुसऱ्याच्या खांद्यावर बसून देवाकडे जाणार नाही, असे म्हणून आई अडून बसली. मुले पुढे पळाली होती, मी पूजेच्या सामानात गुंतलो होतो. मित्र म्हणाला, ‘‘काकू, मी आहे बरोबर. मलाही हल्ली दम लागतो, तुमच्या निमित्ताने मीही बसत बसत येईन.’’ वीस पायऱ्या चढायच्या, बसायचे, पुन्हा वीस. दोन तासांनी दोघे वर पोहोचले. त्याला दम वगैरे काही लागत नव्हता, हे आईलाही कळले होते. उतरल्यावर ती मला म्हणाली, ‘‘त्याने माझा हात धरला नाही रे, मला त्याचा धरू दिला.’’

आता हे त्या यात्रेच्या वहीत कुणाच्या नावे आणि कुणाच्या जमा लिहायचे, ते येथे बसलेल्या सनदी लेखापालांनी मला सांगावे.

श्रवणबेळगोळला गेलेल्या प्रत्येकाने दोन गोष्टी पाहिल्या असतील. एक म्हणजे सुमारे ५७ फूट उंचीच्या बाहुबलींच्या पायांशी कोरलेले लेख. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात गंग राजांचे मंत्री चावुंडराय यांनी ही मूर्ती करविली. तो उल्लेख तेथे कन्नड, तमिळ आणि आपल्या मराठीतही आहे. त्याच्या जोडीला, बाराव्या शतकात होयसळांचे सेनापती गंगराज यांनी भोवतीची वास्तू करविल्याचा उल्लेख आहे. मराठी माणसाला तेथे आपली भाषा दिसते तेव्हा ऊर भरून येतो. माझ्यातल्या व्यापाऱ्याला मात्र आणखी एक गोष्ट दिसली. एवढे मोठे काम, पण किती खर्च आला याचा त्या मराठी ओळींत उल्लेखही नाही. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावर दात्याचे नाव असते आणि पंखा सुरू झाला की ते वाचताही येत नाही!

दुसरी गोष्ट म्हणजे गुल्लकायज्जीची पाषाणमूर्ती. कथा आपण सर्व जाणता. चावुंडरायांनी घागरीमागून घागरी दूध ओतले, तरी अभिषेक पूर्ण होईना. तेव्हा एका गरीब वृद्धेने लहानशा फळाच्या कवचीतून आणलेल्या दुधाने तो पायापर्यंत पोहोचला. कथेचा बोध आपण चावुंडरायांचा गर्व उतरला असा घेतो. मला त्या कथेत वेगळी गोष्ट मोलाची वाटते. एवढ्या मोठ्या समारंभात ती कवची हातात घेऊन पुढे जाण्याची त्या वृद्धेला लाज वाटली नाही आणि तिला पुढे जाऊ देणारी माणसे तेथे होती. १९८१च्या सहस्राब्दी महामस्तकाभिषेकापासून १९९३, २००६ आणि २०१८पर्यंत कलशांची चर्चा आपण पुष्कळ केली. कवची घेऊन येणाऱ्याला वाट कशी द्यायची, ही चर्चा त्या मानाने थोडी झाली.

आपल्याच भागातल्या कुंभोजला १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांना ही वाट सापडली होती. १९१९ साली रयत शिक्षण संस्था निघाली, पुढे साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह उभे राहिले. मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही दिले, हे सर्वश्रुत आहे. पण त्याबरोबरच कर्मवीरांनी ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घातला. मुलगा श्रम करून शिकला, तर तो कोणाचा मिंधा राहत नाही. एकीकडे सर्वस्वाचे दान आणि दुसरीकडे ते घेणाऱ्याची मान ताठ राहील याची दक्षता. या दोन्ही गोष्टी एका घरात होत्या.

आता सुट्टीचे स्वरूप बदलले आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी. दिवाळीला चार दिवस येतात आणि त्यातही सहलीची तिकिटे आधीच काढलेली असतात. मी त्याला नावे ठेवत नाही. माझी नातवंडेही दुबईला जाऊन आली, उंच इमारत पाहून आली, आनंद आहे. परंतु माणशी अमुक हजार असा दर लागला की सोबत कोण येणार हे दरच ठरवतो. मित्र गळतात. कोणी भांडून जात नाही, ‘‘यंदा जमणार नाही’’ एवढेच म्हणतो. दोन वर्षे असे म्हटले की तिसऱ्या वर्षी आपण विचारायचे सोडतो.

आपल्या संस्थेच्या यात्रेतही हे घडू लागले आहे, म्हणून आज हा विषय घेतला. दरमाणशी शुल्क ठरते आणि ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी ‘सौजन्याने’ जागा ठेवल्या जातात. देणाऱ्यांची भावना निर्मळ आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु बसमध्ये सौजन्याने कोण बसले आहे हे सर्वांना ठाऊक असते. गेल्या तीन यात्रांत अशा जागा रिकाम्या राहिल्या. गावात गरज नाही म्हणून त्या रिकाम्या राहिल्या नाहीत, हे आपण सर्व जाणतो.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आहार, औषध आणि उपकरण यांच्या जोडीला आवासही सांगितला आहे. संस्थेने पन्नास वर्षांत आवास बांधला, औषधालय चालवले, पुस्तके दिली. ज्या पूर्वसूरींनी हे केले त्यांना मी वंदन करतो. माझी विनंती लहान आहे. सुवर्णमहोत्सवी यात्रेला शुल्क ठेवू नये. पहिल्या दिवशी थैली फिरवावी. प्रत्येकाने बंद मूठ घालावी. तूट आली तर ती भरण्याची तयारी आम्ही काही व्यापाऱ्यांनी विश्वस्तांना कळवली आहे आणि आमची नावे कोठेही लिहू नयेत, असेही कळवले आहे. खजिनदारांची अडचण मला समजते. लेखापरीक्षणात जमेची पावती लागते, ते योग्यच आहे. एकूण रकमेची एकच पावती संस्थेच्या नावे फाडता येईल, त्याबाबत मी सल्ला घेतला आहे आणि कागद आजच कार्यालयात देत आहे.

थैली शिवून तयार आहे. मांजरपाट चांगला जाड घेतला आहे, बाहेरून नाणे आणि नोट यांतला फरक कळणार नाही. ती सांभाळण्याचे काम पहिल्या वर्षी माझ्या यंत्रमागवाल्या मित्राने करावे अशी मी त्याला गळ घातली होती. त्याने मान्य केले आहे, फक्त एका अटीवर: त्याची मूठ सर्वांत आधी पडेल, कारण नंतर त्याला आत हात घालून चाचपल्यासारखे होईल. तो आज मागच्या रांगेत बसला आहे. नाव घेऊ नको असे त्याने बजावले आहे, म्हणून घेत नाही.

बस तृतीयेच्या दिवशी पहाटे पाच वाजता मंदिरासमोरून निघेल. गाळणी मी देणार आहे. पांघरूण मात्र प्रत्येकाने आपापले आणावे, पहाटे गारवा असतो.