गाडी येईस्तोवर

या वेळेला कोणाच्या घरी चूल पेटली असेल, कोणी भाजी चिरत असेल. हात चालू द्या, फक्त कान इकडे ठेवा. आज मी आगीबद्दल आणि पोलिसांबद्दल बोलणार आहे. मी काही साहेबीण नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या एका लहान गावातली बचत गटाची बाई आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण जे सांगणार आहे ते तुमच्याही गावात घडू शकतं.

दिवाळी होऊन मंडईचे दिवस चालू होते. धान कापून झाला होता, बांध्यांमध्ये पुंजणे रचले होते, मळणीला मशीन यायची होती. रात्री साडेदहाला आरडाओरड झाली. आमच्या शेजारच्या काकूंचे पुंजणे पेटले होते. काकू एकट्याच, मुलगा कामासाठी बाहेरगावी. वर्षभराचं खाणं त्या पुंजण्यांत.

सगळं गाव धावलं. पण पहिली वीस मिनिटं गेली ती फोन कोणाला करायचा यातच. एकानं सरपंचांना लावला, एकानं लाइनमनला, एकानं मामेभावाला. शेवटी तालुक्याहून अग्निशमनची गाडी निघाली, तर आमच्या गावाच्या नावाचं दुसरं गाव आहे, गाडी तिकडे वळली. तिथून परत आली ती देवळाजवळ अडली, कारण गल्लीत ट्रॅक्टरची ट्रॉली उभी आणि बाजूला मंडईच्या मांडवाचे बांबू पडलेले. गाडी बांधीपाशी पोचेपर्यंत पावणेदोन तास झाले होते. तीनपैकी दोन पुंजण्यांची राख झाली होती.

तिसरा वाचला. तो का वाचला, हे नीट ऐका. बांधीत जागा उरली नाही म्हणून काकूंनी तो लांबच्या बांधावर रचला होता. आणि आम्ही दहाबारा बायांनी पोती बोडीत भिजवून त्याच्या अंगावर टाकली, उडून येणाऱ्या ठिणग्या ओल्या फांद्यांनी झोडपल्या. कोणाच्या तरी फवारणीच्या पंपात पाणी भरून पोरांनी मधली तणस भिजवली. म्हणजे पुंजणा वाचला तो अंतरानं आणि ओल्या पोत्यांनी.

पुढच्या ग्रामसभेत मी विचारलं, आपल्या गावाला आगीची गाडी का नाही? तेव्हा एक गोष्ट कळली, ती तुम्हालाही माहीत असावी. १९९२ सालच्या घटनादुरुस्त्यांनी गावाची आणि शहराची कामं वेगवेगळ्या याद्यांत लिहिली. शहराच्या यादीत, म्हणजे बाराव्या अनुसूचीत, १८ कामं आहेत आणि त्यांत अग्निशमन सेवा आहे. गावाच्या यादीत, म्हणजे अकराव्या अनुसूचीत, २९ कामं आहेत. त्यांत शेती आहे, पाणी आहे, रस्ते आहेत, बाजार आहे, पण अग्निशमन नाही. म्हणून गाडी असते ती नगर परिषदेकडे. ती आपल्याकडे येते, पण मुळात ती शहरासाठी ठेवलेली असते. तणसाची घरं, पुंजणे, गोठे, जंगल आपल्याकडे आणि गाडी तिकडे, असं हे आहे.

पोलिसांचं थोडं वेगळं आहे. ठाणं लांब असलं तरी कायद्यानं गावात एक माणूस ठेवला आहे, तो म्हणजे पोलीस पाटील. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाखाली ही नेमणूक होते. गावात गुन्हा घडला, संशयाची गोष्ट दिसली, तर ठाण्याला कळवणं हे त्यांचं काम. आता पुष्कळ गावांत बायाही पोलीस पाटील आहेत, आमच्याकडेही ताईच आहेत. पण एक लक्षात ठेवा, पोलीस पाटलाला सांगितलं म्हणजे तक्रार नोंदली गेली असं होत नाही. तक्रार ठाण्यातच नोंदते.

काकूंचं तिथंच अडलं. त्यांना संशय होता की आग कोणी लावली. दुसऱ्या दिवशी त्या ठाण्यात गेल्या, तर तिथं त्यांना विचारलं, घरी माणूस नाही का, त्याला पाठवा. काकू परत आल्या आणि दोन दिवस गप्प बसल्या. मायांनो, तक्रार द्यायला माणूस लागत नाही. बाई स्वतः देऊ शकते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली तरी पोलिसांनी ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, आपली सही घ्यायची आणि तिची प्रत फुकट द्यायची. गुन्हा आपल्या हद्दीतला नाही म्हणून परत पाठवायचं नाही. आणि नोंदवलीच नाही, तर तीच खबर लेखी लिहून टपालानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. मुद्दाम पीक जाळणं हा दखलपात्र गुन्हा आहे. कारण कळत नसेल तर निदान जळिताची नोंद तरी करून घ्यायची.

दुसरी नोंद तलाठ्याची. आग विझली की लोक राख झाडायला लागतात. झाडू नका. तलाठी येऊन पंचनामा करेपर्यंत जागा तशीच ठेवा, दिवसाउजेडी फोटो काढा, किती एकराचा धान होता ते पंचांसमोर सांगा. पंचनामा नसेल तर पुढे मदतीचा अर्ज कशाच्या जोरावर करणार? तिसऱ्या दिवशी आम्ही चौघी काकूंबरोबर ठाण्यात गेलो, पोलीस पाटील ताईही आल्या. तक्रार नोंदली, प्रत मिळाली. धान परत आला नाही, पण काकूंच्या हातात कागद आला.

आता फोनचं बोलू. ११२ हा एक नंबर सगळ्या संकटांसाठी आहे. आगीसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, जंगलातल्या आगीसाठी वन विभागाचा १९२६, गॅस गळतीसाठी १९०६. तरीही तालुक्याच्या अग्निशमनचा थेट नंबर आणि ठाण्याचा नंबर घराच्या भिंतीवर कोळशानं का होईना, लिहून ठेवा. फोन लागला की आधी रडू नका, आधी गाव सांगा. गावाबरोबर तालुका सांगा. नुसतं अर्जुनी म्हटलं तर मोरगाव की सडक, हे फोनवरच्या माणसाला कसं कळणार? मग जवळची खूण सांगा, कोणत्या फाट्यावरून वळायचं ते सांगा, काय जळतंय ते सांगा. फोन चालू ठेवा आणि एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा. आमच्याकडे तो माणूस उभा असता तर गाडी दुसऱ्या गावी गेली नसती.

गाडी येईस्तोवर काय करायचं? आधी माणसं आणि जनावरं. गोठ्याला आग लागली तर दावं कापा, सोडत बसू नका. विजेच्या तारेची आग असेल तर पाणी टाकू नका, आधी वीज बंद. कढईतलं तेल पेटलं तर त्यावर पाणी अजिबात नको, भडका वर येतो. आच बंद करा आणि झाकण सरकवून ठेवा. लुगड्याला, ओढणीला आग लागली तर धावू नका, धावलं की आग वाढते. जमिनीवर पडा आणि लोळा. दुसऱ्यांनी घोंगडी किंवा सतरंजी टाकून दाबा. भाजलं तर साधं थंड पाणी वीस मिनिटं ओता. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फ नको. चिकटलेला कपडा ओढून काढू नका. मग १०८ लावा.

कोणी म्हणेल, शहरात गाडी जवळ असते, तिथं चिंता नाही. तसं नाही. २१ डिसेंबर २०१६ ला गोंदिया शहरातच एका हॉटेलला आग लागली आणि सात जण गेले. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे शेजारच्या भंडाऱ्यात जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली, दहा बाळं गेली. त्या आयांची आठवण आली की अजून पोटात कालवतं. गाडी जवळ असणं पुरत नाही. आग लागू नये आणि लागली तर बाहेर पडता यावं, याची तयारी आधीच लागते.

आता थोडं आपल्याला लागेल असं बोलते. मार्च-एप्रिलमध्ये आपण मोहफुलं वेचायला जातो. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतो. मीही पेटवला आहे, माझ्या सासूनंही पेटवला. वाटतं, एवढासा पाला, विझेल आपोआप. पण वारा आला की तोच वणवा होतो. ८ एप्रिल २०२१ ला नागझिऱ्याच्या जंगलातली आग विझवताना तीन वनमजूर जळून गेले. ती आग कशी लागली यावर मी बोलत नाही. पण विझवायला गेलेले लोक आपल्यासारख्याच घरांतले होते, रोजीवर गेलेले. तेव्हापासून मी पाला पेटवत नाही. खराट्यानं झाडून गोळा करते आणि झाडाखाली जुनी लुगडी अंथरते. फुलंही मातीविना मिळतात आणि माती नसली की वाळवायला सोपी जातात.

आमच्या गटानं पुढे काय केलं ते सांगते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे तुम्हाला माहीत आहे. त्या सभेत आम्ही चार ठराव मांडले. पुंजणे एकमेकांपासून, तारेपासून आणि घरापासून लांब रचायचे. देवळापासून बोडीपर्यंतचा रस्ता रात्री मोकळा ठेवायचा, ट्रॉली तिथं लावायची नाही. उन्हाळ्यात बोडी आटते, म्हणून ग्रामपंचायतीच्या टाकीत आगीपुरतं पाणी कायम राखायचं. आणि देवळाची घंटा सलग वाजली की ती आगीची समजायची. पहिले तीन लगेच मंजूर झाले. चौथ्यावर वाद झाला, की देवाची घंटा अशी कशी वाजवायची? तेव्हा काकू उठल्या. म्हणाल्या, माझा धान जळत होता तेव्हा देव जागाच होता, गाव झोपलं होतं. मग कोणी बोललं नाही.

खर्च फार झाला नाही. वाळूच्या बादल्या, रिकामी पोती, एक लांब नळी आणि भिंतीवर रंगवलेले नंबर. गटातल्या आठ जणींची यादी केली आहे. कोण फोन करणार, कोण फाट्यावर जाणार, म्हाताऱ्यांना आणि लेकरांना कोण बाहेर काढणार, हे नावानिशी ठरलेलं आहे. वर्षातून एकदा तालीम करतो. लोक हसतात, हसू द्या.

१४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती आपण गावोगाव करतो. देशात त्याच दिवशी अग्निशमन सेवा सप्ताहही सुरू होतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले, त्यांची ही आठवण. यंदा जयंतीला गाव जमलं की दहा मिनिटं मागून घ्या आणि एवढंच विचारा, आज रात्री आग लागली तर फोन कोण करणार? एकाच वेळी चार नावं आली किंवा एकही आलं नाही, तर समजा की आपली तयारी नाही.

काकूंनी यंदाही धान लावला. पुंजणे तीन ठिकाणी रचले, मध्ये चांगली वीस पावलं जागा सोडून. मी जाताना हाक मारतात, म्हणतात, बाई, मोजून पाहा. मी खरंच पावलं मोजते. तुम्हीही मोजा.