हा हुकूम कोणत्या कायद्याने?

वकील बंधुभगिनींनो,

मूलभूत हक्कांचा गौरव करताना आपण बहुधा त्यांची यादी वाचतो. मला वाटतं, त्या साऱ्या यादीचं बळ एका प्रश्नात साठलेलं आहे. नागरिकाने सरकारला न्यायालयात उभं करायचं आणि विचारायचं, ‘हे कोणत्या कायद्याने केलंत?’ हा प्रश्न विचारता येईनासा झाला, की घटनेचा शब्दन् शब्द शाबूत असूनही नागरिक उघडा पडतो. १९७५ साली नेमकं हेच घडलं. २५ जूनला आणीबाणी पुकारली, पण जीविताचं आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं रक्षण करणारं कलम २१ कुणी खोडलं नाही. दोन दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम १४, २१ आणि २२ साठी न्यायालयात दाद मागण्याची मुभा तेवढी स्थगित झाली, आणि ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली हजारो माणसं खटल्याविना तुरुंगात राहिली. स्थानबद्धतेचा हुकूम कायद्याला धरून आहे का, एवढं तरी आम्ही तपासू, असं नऊ उच्च न्यायालयं म्हणाली. त्यांत आपलं नागपूर खंडपीठही होतं. सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेलं. पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर काय, असं न्या. एच. आर. खन्ना यांनी सुनावणीत विचारलं. आणीबाणी असेपर्यंत दाद नाही, असं अ‍ॅटर्नी जनरल निरेन डे यांनी सांगितलं. हे ऐकूनही २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्तींनी सरकारचं म्हणणं उचलून धरलं. त्या चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, हे महाराष्ट्रातल्या वकीलवर्गाने विसरू नये. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले आणि पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं. उलट, त्याच आणीबाणीत मुंबईतल्या वकिलांच्या नागरी स्वातंत्र्यावरील खासगी सभेला पोलीस आयुक्तांनी मनाई केली, तेव्हा तो प्रश्न उच्च न्यायालयात विचारता आला आणि मनाई टिकली नाही.

यावर पहिला आक्षेप असतो सुरक्षेचा. देश संकटात असताना सरकारचे हात बांधायचे का? पण घटनाकार भाबडे नव्हते. कलम १९ मध्येच वाजवी निर्बंधांची सोय आहे, कलम २२ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेचीही आहे. न्यायालय कारण विचारतं. कारण खरं असेल तर सरकारचं काही बिघडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लोकांनी निवडून दिलेल्या बहुमताला न निवडलेल्या न्यायाधीशांनी का अडवावं? याचं उत्तर संसदेच्याच वागण्यात आहे. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी ३९ वी घटनादुरुस्ती बहुमतानेच केली, आणि आणीबाणीतही कलम २० व २१ स्थगित करता येणार नाहीत, असं १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ठरवलं तेही बहुमतानेच. सत्तेच्या खुर्चीवरून अनावश्यक वाटलेला बांध तुरुंग पाहून आलेल्या लोकप्रतिनिधींना हवासा वाटला. १९७६ चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत रद्द केला तो मात्र २०१७ साली. एवढा उशीर क्षम्य नाही.

हे हक्क पुढाऱ्यांचे आणि संपादकांचे, गरिबाला त्यांचं काय, असंही म्हणतात. हे तर मला मुळीच मान्य नाही. १९७९ च्या हुसेनआरा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी समोर आले. ज्या गुन्ह्याचा आरोप, त्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ त्यांतले काही जण आत होते. जामिनाला पैसे नव्हते आणि विचारणारं कुणी नव्हतं. कलम २१ मधून जलद सुनावणीचा हक्क निघाला तो त्यांच्यासाठी. पुढाऱ्याच्या अटकेची बातमी होते, गरिबाच्या अटकेची फक्त नोंद होते, म्हणून हा प्रश्न त्याच्या वतीने विचारणं हे आपलं काम आहे.

तेव्हा तालुक्याच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या तरुण वकिलांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. रिमांडच्या वेळी अशिलाला अटकेची कारणं लेखी आणि त्याला कळेल अशा भाषेत दिली का, चोवीस तासांच्या आत त्याला हजर केलं का, हे मोठ्याने विचारा, आणि मिळालेलं उत्तर रोजनाम्यात नोंदवून घेतल्याशिवाय कोर्टाबाहेर पडू नका.