बांधावरच्या दोन रात्री

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला 'निवृत्तीनंतरचे छंद' यावर बोलायला सांगितले आहे. माझा छंद एकच, गळ टाकून बसणे. लहानपणी पूर्णेच्या काठी लागला, बँकेच्या नोकरीत सुटला आणि मागच्या डिसेंबरात चिखलदऱ्याच्या पठारावर पुन्हा सुरू झाला. वय 74, आणि गेलो एकटा. आपल्या इमारतीत त्यावर बरीच चर्चा झाली. "काकांना झालं तरी काय?" हे माझ्याही कानावर आलं.

आधी एक खुलासा. मेळघाट म्हणजे 1973 मध्ये सुरू झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्या जंगलात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, की सिपनेच्या डोहात गळ टाकता येत नाही. नियम चांगलाच आहे. उन्हाळ्यात नदी आटली की मासे काय, जनावरं काय, सगळी त्या डोहांवरच जगतात. मी बसलो तो बांध जंगलाबाहेरचा, एका कोरकू शेतकऱ्याच्या शेतातला. त्या भागातल्या शाखेत असताना मी त्याचं विहिरीचं कर्ज मंजूर केलं होतं. त्याने ते पूर्ण फेडलं. (मेंटेनन्स थकवणाऱ्या सभासदांनी नोंद घ्यावी.) विहिरीच्या वरच्या अंगाला त्याने नाल्यावर मातीचा बांध घातला आहे आणि त्यात तो रोहू, कतल्याचं बीज सोडतो.

सामान थोडंच होतं. नातवाचा तंबू, दोन ब्लँकेटं, बीपीच्या गोळ्या, बॅटरी, ज्वारीचं पीठ, तिखट-मीठ. एसटीने परतवाडा आणि पुढे घाट. चिखलदरा साडेतीन हजार फुटांच्या वर आहे. आपल्या अमरावतीची थंडी तिथे उन्हाळा वाटावी!

शेतकऱ्याचं घर हाकेच्या अंतरावर. जाताना म्हणाला, "साहेब, रातीले आग विझू देऊ नका. अन् काई वाटलं तं आवाज द्या, मी आयकतो." खरं सांगायचं तर या एका वाक्याच्या भरवशावर मी राहिलो. कुठे आहोत आणि परत कधी येणार, हे कुणालातरी ठाऊक असल्याशिवाय आपल्या वयात एकट्याने जाऊ नये.

पहिल्या रात्री डोळा लागला नाही. सागाची वाळकी पानं परातीएवढी, त्यावरून उंदीर गेला तरी माणूस चालत आल्यासारखं वाटतं. पण जागं ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. सौ. गेल्यापासून दोन वर्षं मी टीव्ही चालू ठेवून झोपत होतो. इथे टीव्ही नाही, लिफ्टचा आवाज नाही, शेजारच्यांचा कुकर नाही. मुलगा पुण्याला बोलावत होता, फ्लॅट विकायचं जवळजवळ ठरलं होतं. अंधारात तोच विचार. पुण्याला तिच्या हातचा तुळशीचा कुंडा नेता येईल, पण जिन्यात "काका, चहा घेता का?" विचारणारं कोण?

सकाळी वाळक्या फांदीवर एक पिंगळा भर उन्हात बसलेला दिसला. मेळघाटात रानपिंगळा आहे. 1884 नंतर तो पक्षी नाहीसाच झाला असं सगळे धरून चालले होते. 1997 मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला, पुढे आपल्याकडेही दिसला. मी पाहिला तो तोच, असा माझा दावा नाही. साधा पिंगळाही दिवसा दिसतो.

आता मासे. थंड पाण्यात रोहू सुस्त असतो, पहाटे बसून उपयोग नाही. पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी पाणी तापल्यावर, बाराच्या सुमारास, कणीक आणि ढेपेची गोळी लावली. तरंडा म्हणून ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. तासाभराने तो धांडा दोनदा थरथरला आणि सरळ खाली गेला. किलोभराचा रोहू! बांबू वाकला, माझा खांदाही दुखला, पण दोरी सोडली नाही. संध्याकाळी शेतकऱ्याच्या घरी भाकरीबरोबर खाल्ला. त्या रात्री तंबूत गाढ झोपलो, शेकोटी शेतकऱ्यानेच येऊन सारखी केली म्हणे.

परत आल्यावर मुलाला फोन केला. पहिले दोन दिवस तो रागावला, आता त्याला यायचं आहे.

सचिवसाहेब, नोटीस बोर्डावर माझ्या फ्लॅटचा 'विकणे आहे' हा कागद अजून लागलेला आहे. तो काढून टाकावा. आणि यंदा डिसेंबरात कुणाला यायचं असेल तर नाव द्या. बांधावर मात्र एका वेळी एकानेच बसायचं, बाकीच्यांनी चिखलदऱ्याला रबडी खात थांबायचं.