गळते की अडते?



मी संगणकाचा माणूस. या व्यासपीठावर मी एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. भालकी, औराद, आळंद या पट्ट्यातली अनेक मुले घरी मराठी बोलतात, बाजारात कन्नड आणि दखनी ऐकतात आणि संगणक इंग्रजीतून शिकतात. त्यांच्यासमोर ‘मेमरी लीक’ हा शब्द येतो. मराठीत त्याची ‘स्मृतिगळती’ होते. कन्नडमधल्या ‘सोरिके’चा अर्थही गळतीच. शब्द सोपा आहे, पण तो शोध चुकीच्या जागी नेतो.

समजा, एका शब्दकोशाच्या प्रणालीत शुद्धलेखन तपासणारा भाग लागेल तेव्हा जोडायचा आणि काम झाले की काढायचा, अशी सोय आहे. या भागाला मॉड्यूल म्हणतात. तो दहा वेळा जोडला, दहा वेळा काढला, तरी दर वेळी मेमरी थोडी अधिकच व्यापली जाते. शाळेतल्या जुन्या संगणकावर शेवटी सगळेच रखडते. विद्यार्थी भोक शोधत बसतो. मेमरी मात्र कुठे सांडलेली नसते. ती आतच अडलेली असते.

मंगल कार्यालयातले वऱ्हाड गेले, खोली रिकामी झाली. पण एक किल्ली पाहुण्याच्या खिशात राहिली, तर व्यवस्थापक ती खोली दुसऱ्याला देत नाही. जावा आणि डॉटनेटमध्ये हे व्यवस्थापकाचे काम ‘गार्बेज कलेक्टर’ करतो. चालू प्रणालीतून ज्या वस्तूपर्यंत एकही संदर्भ पोचत नाही, तिचीच जागा तो मोकळी करतो. जावामध्ये वस्तू आपल्या क्लासला धरते, क्लास आपल्या लोडरला आणि लोडर त्याने आणलेल्या सर्व क्लासना. एका किल्लीपायी अख्खा मजला अडतो. डॉटनेट कोअरमध्ये २०१९ साली, ३.० या आवृत्तीत, मॉड्यूल काढण्याची सोय आली. तिथेही ‘अनलोड’ ही केवळ सुरुवात असते. बाहेरचा शेवटचा संदर्भ सुटल्याशिवाय काम पुरे होत नाही.

मग किल्ली कुणाकडे असते? बहुधा ‘बटण दाबले की मला कळवा’ अशी मुख्य प्रणालीकडे केलेली, पण रद्द न केलेली नोंदणी; कायमस्वरूपी ठेवलेली एखादी यादी; किंवा चालूच राहिलेला टायमर. शोधाची रीत अशी. मॉड्यूलकडे एक ‘दुबळा संदर्भ’ ठेवावा. तो जागा अडवत नाही. मॉड्यूल काढून कलेक्टर चालवावा. दुबळ्या संदर्भातून वस्तू अजून सापडली, तर तिला कुणीतरी धरले आहे. मग मेमरीची नोंद उतरवून घ्यावी आणि त्या वस्तूपासून मुळापर्यंत संदर्भांची साखळी उलट तपासत जावे. मॉड्यूलला धरणारी बाहेरची कडी तिथे दिसते.

सी भाषेत प्रकार वेगळा. तिथे जागा मागून घेतली आणि तिचा पत्ताच हरवला, तर ती परत करता येत नाही. म्हणजे एकीकडे किल्ली हरवलेली, दुसरीकडे कुणीतरी धरून ठेवलेली. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. आपण ‘हरवलेली जागा’ आणि ‘अडकलेली जागा’ असे दोन शब्द वापरले, तर निदान सोपे होईल.

शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. रूढ शब्द राहू द्या. पण मुलांना ‘कुठून गळते?’ असे विचारण्याआधी ‘कोण धरून बसले आहे?’ असे विचारा. परिभाषा करताना शब्दाचा अर्थ पाहतो, तसे तो शब्द कोणता प्रश्न विचारायला लावतो, हेही पाहिले पाहिजे.