सुईचे नेढे

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात, संत नामदेव महाराजांच्या पुण्यतिथीच्या दिवशी केलेले भाषण)



‘वार्धक्य आणि श्रद्धा’ ह्या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तेव्हा मी त्यांना म्हटले की, ह्यांपैकी वार्धक्याविषयी मी स्वानुभवाने बोलू शकेन. श्रद्धेचे भांडवल मजपाशी बेताचेच आहे. ते म्हणाले, ‘‘मास्तर, जेवढे असेल तेवढे घेऊन या.’’ म्हणून आलो आहे. मी विद्वान नव्हे. जुनी अकरावी मॅट्रिक आणि त्यावर अध्यापनाची पदविका एवढीच माझी शिदोरी. अडतीस वर्षे मुलांना मुळाक्षरे आणि पाढे शिकविले आणि २०१५ साली निवृत्त झालो. तेव्हा ह्या भाषणात शास्त्रार्थ ऐकावयास मिळेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

आज आषाढ वद्य त्रयोदशी. शके १२७२ मध्ये, म्हणजे इसवी सन १३५० साली, ह्याच तिथीस नामदेव महाराज पंढरपुरी समाधिस्थ झाले अशी आपली परंपरा सांगते. कार्तिक शुद्ध एकादशी, शके ११९२ हा त्यांचा जन्म. म्हणजे ऐंशी वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. आपण बहुधा बाळ नामदेवाचे चित्र घरात लावतो, देवाला नैवेद्य भरविणाऱ्या पोराचे. परंतु पंजाबात घुमान येथे ज्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले, ज्यांची पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आदराने घेतली गेली, ते नामदेव वयोवृद्ध होते ही गोष्ट आपल्या फारशी ध्यानात येत नाही. २०१५ साली त्या घुमानला मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपल्या ज्ञातीतील काही मंडळी जाऊन आली. मला जाता आले नाही. गुडघे तेव्हाच कुरकुरू लागले होते.

गुडघ्यांच्या आधी डोळे. आपल्या भाषेत जवळचे वाचावयाच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात, ह्यात आपल्या पूर्वजांचा मिस्किलपणा दिसतो; वस्तूचे नावच वय सांगून टाकते. शिंप्याच्या घरात चाळिशी लागली हे प्रथम कळते ते सुईपाशी. दोरा ओठांत धरून ओला करावा, चिमटीत टोक वळावे, सुई उजेडाकडे धरावी, आणि दोरा नेढ्याच्या शेजारून निघून जावा! दोनदा, तीनदा, चारदा. मग घरातल्या एखाद्या पोराला हाक जाते. आमच्या घरी ते पोर मी होतो.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, लोणंदच्या पुढे पालखीच्या वाटेवरच्या आमच्या गावात शिवणकाम करीत. ओसरीवर पायमशीन, शेजारी बेतण्याचा पाट, भिंतीला विठोबाची तसबीर. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते. ती आमच्या वाटेने आली की अण्णा मशीनवर फडके टाकीत, पडशी खांद्यास लावीत आणि दिंडीत सामील होत. ते परतत पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेऊन. म्हणजे पंधरा-सोळा दिवस मशीन बंद. आता हे दिवस कोणते, ते आपल्यातील ज्यांनी हा धंदा केला आहे त्यांना सांगावयास नको. शाळा उघडण्याचे दिवस! खाकी चड्ड्या आणि पांढरे सदरे ह्यांवर आमची वर्षाची निम्मी कमाई होत असे. आषाढी जुलैच्या अखेरीकडे आली तर गणवेश शिवून होत. लवकर आली की घरात धुसफूस.

१९७४ साली आषाढी लवकर आली. त्याच उन्हाळ्यात मी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झालो होतो. फलटणच्या महाविद्यालयात नाव घालावे असे ठरले होते. शुल्काची तजवीज एकाच गोष्टीवर अवलंबून होती: एका शाळेच्या चाळीस मुलांचे गणवेश अण्णांकडे आले होते. पालखी आली त्या दिवशी त्यांतील सतरा तयार होते. बाकीचे कापड बेतून, कच्चे टाके घालून ठेवलेले. मी अण्णांना म्हटले, ‘‘ह्या वर्षी राहू द्या. पुढच्या वर्षी जा.’’ ते म्हणाले, ‘‘पांडुरंग कुणाचं ठेवत न्हाई.’’ आणि ते गेले. मी चार दिवस मशीनवर बसून पाहिले. सरळ टीप मला येत असे. खिसा आणि काज येत नसे. पाचव्या दिवशी शाळेचा माणूस आला आणि कापड उचलून दुसऱ्या शिंप्याकडे घेऊन गेला. त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

महाविद्यालय राहिले. पुढे अध्यापन विद्यालयात प्रवेश मिळाला, नोकरी लागली, अन्नाला लागलो. हे सर्व खरे. परंतु त्या आषाढानंतर मी अण्णांच्या सुईत दोरा ओवून दिला नाही. ते मागत, मी पुस्तकात डोके घाली, आणि धाकटी बहीण धावून जाई. माणूस किती लहान गोष्टीत सूड घेऊ शकतो, पाहा.

नोकरीच्या काळात वारीविषयी मी वर्गात, आणि शिक्षकांच्या खोलीत तर अधिकच, तिखट बोलत असे. पेरणीच्या दिवसांत शेत टाकून जाणारे लोक, असे माझे व्याख्यान असे. मुलांना नामदेवांची एक आख्यायिका मात्र आवडीने सांगे. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने प्रत्येकाचे डोके ठोकून मडके भाजले आहे की कच्चे ते पाहिले. इतर सारे गप्प राहिले. नामदेव रागावले, आणि काकांनी निर्णय दिला की हे मडके कच्चे आहे. मग नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. ही गोष्ट सांगताना मी पोरांच्या डोक्यावर रूळ हलकेच टेकवी आणि पोरे हसत. माझे डोके ठोकावे असे कधी कोणाला सुचले नाही, कारण मी मास्तर होतो.

अण्णा १९९१ साली गेले. शेवटच्या दुखण्यात एकदा म्हणाले, ‘‘तुला जमलं तर आषाढीला चालत जा. न्हाई जमलं तर मशीन तरी विकू नको.’’ पहिल्याला मी उत्तर दिले नाही. दुसरे पाळले. मशीन माळ्यावर गेले, खाली आले, त्यावर दूरदर्शनचा संच ठेवला गेला, मग कुंड्या. आमच्या मंडळींनी ते दोनदा मोडीत द्यावयास काढले आणि दोनदा मी अडवले. श्रद्धा म्हणून नव्हे, हट्ट म्हणून.

त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे मी सांगत नाही; त्यांत सांगण्यासारखे फारसे घडले नाही.

२०२० साली करोनाची साथ आली. पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका दशमीला एस. टी. च्या बसमधून पंढरपुरास नेण्यात आल्या. २०२१ सालीही तसेच झाले. आमच्या दारावरून जाणारा रस्ता त्या आषाढात रिकामा होता. आयुष्यभर ज्या गर्दीला मी नावे ठेवली, ती नाही म्हणून मी दिवसातून चार वेळा ओसरीवर येऊन उभा राहू लागलो. घरात विचारले, ‘‘कोणाची वाट पाहता?’’ मी म्हटले, ‘‘पावसाची.’’ त्याच दिवसांत मुखपट्ट्या शिवण्यासाठी मशीनवरच्या कुंड्या उतरल्या. मशीनला तेल घातले, पट्टा बदलला, बॉबिनमधला जुना दोरा काढून टाकला, आणि आश्चर्य असे की, ते पहिल्या फेऱ्यात चालू झाले. यंत्राला राग धरता येत नाही.

२०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली. वाटेवरच्या गावांत न्हावी दाढी करून देतात, चांभार वहाणा शिवून देतात, कोणी पाय चेपून देतात, पैसा घेत नाहीत; ही जुनी रीत आपणांस ठाऊक आहेच. मी मशीन ओसरीवरून रस्त्याच्या कडेला आणले आणि बसलो. का बसलो ह्याचे नीट उत्तर आजही मजपाशी नाही. चालणे शक्य नव्हते, हे एक. घरात बसवत नव्हते, हे दुसरे. उसवलेल्या पिशव्या, फाटलेल्या बंड्या, पताकेची निघालेली किनार, असे काम येऊ लागले. मशीनवर भागत होते. हातशिलाईची वेळ आली आणि माझी फजिती सुरू झाली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. चाळिशी लावूनही सगळे धुक्यात. पिशवीचा बंद तुटलेली एक म्हातारी समोर उभी होती आणि मी दोरा नेढ्याच्या शेजारून नेत होतो. दोनदा, तीनदा, चारदा.

ती म्हणाली, ‘‘भाऊ, आना इकडं.’’ सुई घेतली, नाकाजवळ नेली, आणि एका फटक्यात दोरा ओवून दिला. वय माझ्याहून दहा वर्षांनी तरी अधिक असावे. मी विचारले, ‘‘चष्मा नाही, आणि हे कसे?’’ ती म्हणाली, ‘‘लांबचं मला काई दिसत न्हाई. पंढरीला कळस कुठंय ते लोक बोटानं दावत्यात, मी हात जोडते. जवळचं समदं दिसतं.’’ परभणीकडची होती. दर्शनाच्या रांगेत उभे राहणे आता होत नाही, म्हणून महाद्वारी नामदेवाच्या पायरीवर डोके ठेवून परतते, असे तिने सांगितले. मी म्हटले, ‘‘आम्ही त्याच ज्ञातीचे.’’ तिला त्याचे काही विशेष वाटले नाही. नामदेवांनी ती जागा मागितली ती संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून, असे आपण सांगतो. प्रत्यक्षात लोक त्या पायरीवर पाय देत नाहीत, डोके टेकतात. मागितले एक आणि मिळाले दुसरे, ह्यावर नामदेवांना काय वाटत असेल असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

मी बंद शिवून दिला. निघताना तिने विचारले, ‘‘दर साली बसता का हितं?’’

ज्ञातिबंधूंनो, मी ‘होय’ म्हणालो. अडतीस वर्षे मुलांना खरे बोलावयास शिकविणारा माणूस मी, आणि पाऊण मिनिटाच्या ओळखीच्या बाईपुढे सरळ खोटे बोललो. कदाचित तिच्यापुढे अण्णांचा मुलगा म्हणून शोभावे असे वाटले असेल. ती म्हणाली, ‘‘मंग पुढल्या साली बी येते,’’ आणि दिंडीत मिसळून गेली. त्या खोट्यापायी मला २०२३ साली बसावे लागले. २०२४ सालीही बसलो.

अण्णांचे चुकले असे मला आजही वाटते. हे येथे, आजच्या दिवशी, स्पष्ट सांगितले पाहिजे, नाही तर हे सारे भाषण गोडगोड होईल. तेवीस पोरे घरच्या कपड्यांत शाळेत गेली. त्यांना कोणी उभे केले असेल, कोणी हसले असेल. सहा दिवस रात्री दिवा लावून काम उरकता आले असते. मी बाप असतो तर थांबलो असतो. बाप झालो तेव्हा प्रत्येक वेळी थांबलोच. परंतु पालखी दाराशी आली असता हात मशीनवर ठरत नाहीत म्हणजे काय होते, ते मला तेव्हा ठाऊक नव्हते. आता थोडेसे ठाऊक झाले आहे. दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी-शेजारी राहतात. त्यांची शिवण मला घालता आलेली नाही. ह्यालाच श्रद्धा म्हणतात काय, हे येथे बसलेल्या कीर्तनकार मंडळींनी सांगावे.

डोळ्यांचे सांगावयाचे राहिले. २०२२ च्या हिवाळ्यात दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. आतला गढूळ झालेला भिंग काढून नवा बसवितात. फार वेळ लागत नाही, भिण्याचे कारण नाही, ज्यांनी लांबणीवर टाकले असेल त्यांनी टाकू नये. पट्टी निघाली तेव्हा घरातली कोळिष्टके दिसली आणि आमच्या मंडळींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही. त्या इतक्या केव्हा झाल्या हे मी पाहिलेच नव्हते. दोन दिवस मी त्यांच्याशी नेहमीपेक्षा हळू आवाजात बोललो, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना विचारावयास लावले की, औषधाचा काही परिणाम तर नाही ना! माझ्या डोळ्यांत जो भिंग बसविला तो दूरचे दाखवितो. जवळच्यासाठी चष्मा लागतोच. पण चष्म्याने आता सुई ओवता येते.

अडचण एवढीच झाली की, त्या परभणीच्या म्हातारीला मी पाहिले होते ते जुन्या डोळ्यांनी. धुक्यात एक पांढरा पदर आणि एक आवाज, ह्यापलीकडे काही आठवत नाही. ती नंतर आली की नाही, आली असेल तर मला तिची ओळख पटली की नाही, सांगता येत नाही. तिलाही लांबून मी दिसणार नाही. म्हणून मराठवाड्याकडची कोणी म्हातारी पिशवी घेऊन पुढे आली की मी चष्मा काढून खिशात ठेवतो आणि सुई-दोरा तिच्यापुढे करतो. काहींना ओवता येते. काही म्हणतात, ‘‘मला कुठं दिसतंय, भाऊ?’’ मग चष्मा पुन्हा लावून मी ओवतो.

मशीनचा पट्टा पुन्हा सैल पडू लागला आहे. पुढच्या ज्येष्ठापूर्वी तो बदलून घ्यावयाचा आहे.