अपघातानंतरचे सहा महिने
(नभोवाणीवरील भाषण)

मोटारीचा धक्का लागतो तो एका क्षणांत. परंतु त्या धक्क्याचा हिशेब पुरा होण्यास कित्येकदां वर्षें लागतात. हाड मोडलें तर तें कोणाकडून बसवून घ्यावें हें सुशिक्षित घरांत सर्वांना ठाऊक असतें. परंतु मोडलेल्या हाडाबरोबर जो पगार गेला, जी नोकरी डळमळीत झाली, मुलांच्या शिक्षणाची जी पुंजी औषधांत खर्चून गेली, ती कोणाकडून व कशी भरून घ्यावी, हें फारच थोड्यांना ठाऊक असतें. अपघात म्हणजे दैवाचा खेळ, असें म्हणून स्वस्थ बसण्याची रीत जुनी आहे. दैवाच्या वांट्याचें जें असेल तें दैवाला खुशाल द्यावें. परंतु दुसऱ्याच्या हयगयीचें देणें दैवाच्या नांवावर लिहूं नये.

उदाहरणादाखल एका मध्यमवर्गीय कुटुंबाची कल्पना करावी. पुण्यास एका खासगी पेढींत हिशेबनीस असलेले अडतीस वर्षांचे गृहस्थ सायंकाळीं घरीं परतत आहेत. पगार दरमहा ३०,००० रुपये. पेढीच्या शाखांचे हिशेब तपासण्यासाठीं आठवड्यांतून तीन दिवस हिंडण्याचें काम. घरांत पत्नी, दोन मुलें आणि वृद्ध आई. रस्ता ओलांडतांना भरधांव मोटारीची धडक बसते आणि उजवा पाय गुडघ्याखालीं मोडतो. तिसऱ्या दिवशीं मोटारीचे मालक फळांची करंडी घेऊन इस्पितळांत येतात. बोलणें मोठें आर्जवाचें असतें. "वहिनी, व्हायचें तें होऊन गेलें. इस्पितळाचें बिल मी भरतों, वर पन्नास हजार देतों. कोर्टकचेरीच्या नादीं लागून आजवर कोणाचें भलें झालें आहे?" आणि खिशांतून एक टंकलिखित कागद निघतो. 'पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली, कांहीं एक तक्रार राहिली नाहीं,' असा त्यावर मजकूर असतो. खालीं सहीपुरती जागा कोरी असते.

त्या चार बोटें कोऱ्या जागेवर एका घराचीं पुढचीं वीस वर्षें अवलंबून असतात. मालक दुष्टच असतील असें नव्हे. कदाचित् त्यांनाही पश्चात्ताप झाला असेल. परंतु पाय किती बरा होईल हें त्या दिवशीं शस्त्रवैद्यालाही सांगतां येत नाहीं. मग त्या पायाची किंमत इस्पितळाच्या बाकावर बसून कोणी कशी ठरवावी? म्हणून पहिला नियम असा कीं, उपचार चालू असतांना कोणत्याही कागदावर सही करूं नये. तोच कागद पुढें न्यायाधिकरणापुढें जखमी माणसाच्या विरुद्ध पुरावा म्हणून ठेवला जातो.

सहीच्या आधींचा प्रश्न अर्थातच प्राणाचा आहे. 'पोलीस केस आहे, आधीं पोलीस येऊं द्या,' असें म्हणून जखमी माणसाला दारांतून परत लावण्याचा अधिकार कोणत्याही इस्पितळाला नाहीं. तांतडीचा उपचार हें प्रत्येक डॉक्टरचें प्रथम कर्तव्य आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालींच स्पष्ट केलें आहे. ज्या वाटसरूनें जखमीला उचलून आणलें त्याच्यामागें चौकशीचा ससेमिरा लागूं नये, म्हणून मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम २०१९ च्या दुरुस्तीनें घातलें गेलें. इतकेंच नव्हे तर २०२५ च्या मे महिन्यांत केंद्र सरकारनें जाहीर केलेल्या योजनेप्रमाणें अपघातग्रस्ताला नेमलेल्या इस्पितळांत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत, रोख पैसे न भरतां उपचार मिळतात. ह्या सोयीची चौकशी पहिल्याच दिवशीं करावी.

दुसरें काम पोलीस ठाण्यांतील. पुष्कळ सभ्य कुटुंबांना पोलीस ठाण्याची पायरी चढणें कमीपणाचें वाटतें. परंतु खबर नोंदली गेली नाहीं, तर त्या मोटारीनेंच धडक दिली हें पुढें शाबीत करणें जड जातें, आणि विमा कंपनी नेमक्या ह्याच फटीवर बोट ठेवते. २०२२ च्या १ एप्रिलपासून अमलांत आलेल्या नियमांनीं पोलिसांवर असें बंधन घातलें आहे कीं, अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे धाडावी आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत सादर करावा. त्यांची प्रत जखमीच्या घरच्यांनीं मागून घ्यावी. मोटार धडक देऊन पळून गेली व तिचा पत्ताच लागला नाहीं, तरीही हात हालवीत परतण्याचें कारण नाहीं. अशा प्रसंगीं गंभीर दुखापतीला ५०,००० व मृत्यूला २ लाख रुपये सरकारी योजनेंतून मिळतात. अर्ज मात्र नेमलेल्या चौकशी अधिकाऱ्याकडे स्वतः करावा लागतो.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. चालकाला शिक्षा व्हावी म्हणून चालणारा फौजदारी खटला निराळा आणि जखमीला भरपाई मिळावी म्हणून चालणारा दावा निराळा. पहिल्यांत गुन्हा निःसंशय शाबीत व्हावा लागतो. दुसऱ्यांत चालकाची हयगय अधिक संभवनीय दिसली म्हणजे पुरे. चालक फौजदारींत निर्दोष सुटला तरी भरपाईचा दावा तेवढ्यानें बुडत नाहीं. तसेंच, मालकाला दयेची भीक मागावयाची नसते. प्रत्येक वाहनाचा तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा कायद्यानें सक्तीचा आहे, आणि भरपाईची रक्कम सामान्यतः विमा कंपनीच्या तिजोरींतून येते. त्यासाठींच विम्याचा हप्ता भरलेला असतो.

ही सोय फार जुनी नाहीं. १८५५ च्या कायद्यानें केवळ अपघातांत मेलेल्याच्या कुटुंबाला दाव्याचा हक्क दिला होता. जखमी माणसाला दिवाणी न्यायालयांत सामान्य दावा लावून वर्षानुवर्षें खेटे घालावे लागत. १९३९ च्या मोटार कायद्यांत १९५६ सालीं दुरुस्ती होऊन मोटार अपघातांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणें निर्माण करण्याची तरतूद झाली. आजचा कायदा १९८८ चा असून त्याच्या १६६ व्या कलमाखालीं अर्ज करतां येतो. हा अर्ज अपघात घडला त्या जिल्ह्यांत, अर्जदार राहतो अगर व्यवसाय करतो त्या जिल्ह्यांत, किंवा प्रतिपक्ष राहतो त्या जिल्ह्यांत, अर्जदाराच्या मर्जीप्रमाणें दाखल होतो. पुण्याच्या माणसाला नाशिकजवळ अपघात झाला म्हणून त्यानें लंगडत नाशिकला जावें, अशी कायद्याची अपेक्षा नाहीं. जखमी माणूस अंथरुणाला खिळला असेल तर त्यानें अधिकार दिलेली व्यक्ति, मग ती पत्नी कां असेना, त्याच्या वतीनें अर्ज करूं शकते.

मुदतीचा प्रश्न मात्र काळजीचा आहे. १९९४ पासून अशा अर्जांना मुदतच नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीनें अपघातापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा घातली व ती २०२२ च्या १ एप्रिलपासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयांत आव्हान देण्यांत आलें. आणि त्या वादाचा निर्णय लागेपर्यंत केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळूं नयेत, असा अंतरिम आदेश त्या न्यायालयानें २०२५ च्या नोव्हेंबरांत दिला. परंतु दुसऱ्याच्या वादाच्या आधारावर आपला हक्क टांगता ठेवणें शहाणपणाचें नाहीं. सहा महिन्यांच्या आंत अर्ज दाखल करावा. पायाचें अपंगत्व किती राहिलें हें उपचार संपल्यावर वैद्यकीय दाखल्यानें दाखवितां येतें. अर्जाला घाई, मोजमापाला सबुरी, हें सूत्र ध्यानांत ठेवावें.

आतां मोजमापाकडे वळावें. केवळ इस्पितळाचें बिल म्हणजे भरपाई नव्हे. औषधोपचार, जाण्यायेण्याचा व शुश्रूषेचा खर्च, अंथरुणावर असतांना बुडालेली कमाई, पुढील आयुष्यांत घटणारी कमाई, पुढें कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया, आणि ह्यांखेरीज वेदना व गमावलेलें जीवनसुख, इतक्या सदरांचा विचार करावा लागतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालच्या एका निकालांत सांगितलें आहे. त्याच निकालांत एक मार्मिक भेद केला आहे. शरीराचें अपंगत्व आणि कमाईचें अपंगत्व हीं एक नव्हेत. हात गमावलेला सुतार अगर मोटारचालक जवळजवळ सारी कमाई गमावतो. कचेरींत टेबलाशीं बसणाऱ्या कारकुनाची नोकरी कदाचित् टिकून राहते. म्हणून जखमी माणूस काय काम करीत होता व आतां त्याला काय करतां येत नाहीं, हें पुराव्यानिशीं मांडावें लागतें.

वरील हिशेबनिसांचें उदाहरण घ्यावें. वार्षिक पगार ३,६०,००० रुपये. शाखांचे दौरे बंद झाल्यामुळें त्यांची कमावण्याची शक्ति एक चतुर्थांशानें घटली असें ठरलें, तर वार्षिक तोटा ९०,००० रुपयांचा. वयाप्रमाणें ह्या आंकड्याला ज्या गुणकानें गुणावयाचें त्याचा तक्ता सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं घालून दिला आहे. ३६ ते ४० ह्या वयाला तो गुणक १५ आहे. म्हणजे ह्या एकाच सदराखालीं १३,५०,००० रुपये होतात. पगाराची भावी वाढ, औषधें, वेदना, व्याज हीं निराळींच. ह्या रकमेशेजारीं करंडीबरोबर आलेले पन्नास हजार ठेवून पाहावे म्हणजे कोऱ्या जागेची किंमत कळते. मात्र रस्ता ओलांडतांना जखमीचीही चूक होती असें दिसल्यास त्या प्रमाणांत रक्कम कमी होते. म्हणून घडलें तेंच सांगावें, तिखटमीठ लावूं नये.

कायद्यांत एक आडवाटही आहे. १६४ व्या कलमाखालीं कोणाची चूक हें शाबीत न करतां गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळतात. नड असलेल्या घराला तो मोह मोठा असतो. परंतु ती रक्कम स्वीकारली म्हणजे १६६ खालील मोठा दावा आपोआप संपुष्टांत येतो. क्वचित् तेंच हिताचें ठरतें. परंतु तें समजून उमजून व्हावें, गफलतीनें होऊं नये.

हा सर्व हिशेब मांडण्यास वकील हवा; पण तो कसा निवडावा? जो वकील इस्पितळांत दलाल धाडतो त्याच्यापासून दूर राहावें हें उत्तम. गिऱ्हाइकें मिळविण्यासाठीं दलाल फिरविणें आणि मिळणाऱ्या भरपाईंत टक्केवारीचा हिस्सा ठरविणें, ह्या दोन्ही गोष्टींना वकिलांच्या परिषदेच्या नियमांनीं मनाई केली आहे. वसुलीचा अर्धा वांटा घेण्याचा करार करणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलाला सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालींच दोषी धरलें होतें. 'आतां कांहीं देऊं नका, मिळेल त्यांतले तीस टक्के द्या,' हे शब्द कानाला गोड लागतात. परंतु ते तीस टक्के मोडलेल्या पायाचेच असतात. फी आरंभींच ठरवावी, दिलेल्या पैशाची पावती घ्यावी, मूळ कागदपत्रांच्या प्रती घरीं ठेवाव्या, आणि प्रत्येक तारखेला काय झालें हें विचारीत जावें. ज्याला हे प्रश्न आवडत नाहींत तो वकील आपला नव्हे असें समजावें.

फी देण्याची ऐपत नसलेल्यांसाठीं १९८७ च्या कायद्यानें विधि सेवा प्राधिकरणें निर्माण केलीं. जिल्हा न्यायालयाच्या आवारांत त्यांची कचेरी असते; १५१०० ह्या दूरध्वनि क्रमांकावरही मार्गदर्शन मिळतें. स्त्रिया, मुलें, अपंग व्यक्ति, अनुसूचित जातिजमातींचे लोक आणि कारखान्यांतील कामगार ह्यांना, तसेंच ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेल्या कोणालाही, तेथें विनामूल्य वकील मिळूं शकतो. हें दान नव्हे, हक्क आहे.

तडजोड ही गोष्ट मुळांतच वाईट असें मात्र कोणी समजूं नये. लोकअदालतींत मोटार अपघाताचे पुष्कळ दावे समजुतीनें मिटतात, आणि अपीलांत जाणारीं वर्षें वांचतात. पण लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो. त्यावर अपील नाहीं. म्हणून तेथें बसण्यापूर्वीं आपला आंकडा आपणांस ठाऊक असला पाहिजे. हिशेब जाणणाऱ्यानें केलेली तडजोड हें शहाणपण. न जाणणाऱ्यानें केलेली तडजोड ही केवळ शरणागति.

उदाहरणांतील त्या गृहिणीनें काय करावें? करंडी नम्रपणें परत करावी. कागद ठेवून घ्यावा, पण त्यावर सही करूं नये. एक वही घालावी. तींत तारीखवार खर्च लिहावा, बिलें डकवावीं, इस्पितळाचे दाखले, पगाराच्या पावत्या आणि साक्षीदारांचीं नांवें जपून ठेवावीं. मग जाणत्या वकिलाकडे अगर जिल्हा प्राधिकरणाच्या कचेरींत जावें. पतीचा पाय पूर्ववत् करणें कोणत्याही न्यायाधिकरणाच्या हातीं नाहीं. परंतु त्या पायाच्या आधारावर उभें असलेलें घर खचूं न देणें कायद्याच्या हातीं आहे. आणि कायद्याचा तो हात वेळेवर धरणें हें त्या वहीपासून सुरू होतें.