भोंग्याचा अर्थ

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, किंचित संक्षिप्त रूपात.)



शताब्दी व्याख्यानमालेत मराठीच्या प्राध्यापकाने भोंग्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. कार्यवाहांनी तर विषय दोनदा विचारून घेतला. परंतु भोंगा हा जितका यंत्राचा विषय आहे, तितकाच अर्थाचाही आहे. एखाद्या ध्वनीला अर्थ कसा चिकटतो, तो कसा झिजतो आणि प्रसंगी कसा हरवतो, हा भाषेच्या अभ्यासकाचा घरचाच प्रश्न म्हणावा लागेल.

इंदूरच्या मराठी माणसाला भोंगा नवा नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत येथे संस्थानची कापड गिरणी उभी राहिली. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मालवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी अशा गिरण्या निघाल्या. परदेशीपुरा, पाटणीपुरा, नंदानगर या भागांतील दिवस गिरणीच्या भोंग्याने उगवत आणि भोंग्यानेच मावळत असे. ज्यांचा गिरणीशी काडीचाही संबंध नव्हता त्यांच्या घरातही भोंग्यावर दूध तापे, भोंग्यावर मुले शाळेला निघत. घड्याळ ही चैनीची वस्तू होती त्या काळात भोंगा हे गावाचे सार्वजनिक घड्याळ होते. त्याचा अर्थ कोणी कोणाला शिकवावा लागला नाही. रोजच्या भाकरीने तो शिकवला होता.

१२ डिसेंबर १९९१ रोजी हुकुमचंद मिल बंद पडली. शतक बदलता बदलता उरलेल्या गिरण्याही एकेक करून थंडावल्या. हुकुमचंद मिलच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यापोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी दिला गेला. म्हणजे मध्ये बत्तीस वर्षे गेली, आणि तेवढ्या काळात कित्येक कामगार हे जग सोडून गेले. आजही अनंत चतुर्दशीच्या रात्री बंद गिरण्यांच्या नावाने झांक्या निघतात आणि सारे इंदूर रस्त्यावर उतरते. भोंगा मात्र परतला नाही. एका परीने पाहिले तर धोक्याची सूचना त्या भोंग्याने एकदाच दिली, आणि तीही न वाजता.

आता या रोजच्या भोंग्याकडून आपण संकटाच्या भोंग्याकडे वळू. दोघांत एक मूलभूत फरक आहे. गिरणीच्या भोंग्याचा अर्थ अनुभवाने कळतो, कारण तो रोज खरा होतो. संकटाचा भोंगा आयुष्यात एखाद्या वेळीच खरा होतो, आणि त्या वेळी अर्थ शिकायला अवधी नसतो. म्हणून त्याचा अर्थ शांततेच्या काळातच ठरवून, शिकवून आणि जपून ठेवावा लागतो. आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच.

ही गोष्ट मराठी मनाला परकी वाटू नये. पावनखिंडीची कथा आपण सारे बालपणापासून ऐकत आलो आहोत. १६६० च्या पावसाळ्यात महाराज विशाळगडावर सुखरूप पोहोचल्याची तोफ होईपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड लढवली, असे परंपरा सांगते. शौर्य तर वादातीतच. पण त्या तोफेकडे जरा लक्ष द्या. तोफ एरवी संहार करते. त्या दिवशी तिचा अर्थ ‘राजा सुखरूप आहे’ असा झाला, कारण वियोगापूर्वी तो दोन्ही बाजूंनी ठरला होता. हा संकेत ठरलाच नसता तर तोच आवाज खिंडीतल्या वीरांना शत्रूचा मारा वाटला असता.

आपल्याकडे दवंडी होती. दवंडीला शब्द असतात. डफावर थाप पडते आणि मागोमाग वाक्य येते. भोंग्याला शब्द नाहीत. ‘इशारा’ हा शब्द आपण अरबीतून घेतला आणि त्याचा मूळ अर्थ खूण असा आहे. खूण जाणणाऱ्यालाच कळते. पाश्चात्त्य ‘सायरन’ या शब्दाची कथा तर अधिक उद्बोधक आहे. होमरच्या ‘ओडिसी’त सायरन या गोड गळ्याच्या मायाविनी आहेत, त्यांच्या गाण्याला भुलून खलाशी मृत्यूकडे ओढले जातात. १८१९ मध्ये कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने छिद्रे पाडलेली तबकडी हवेच्या झोतापुढे फिरवून नाद उत्पन्न करणारे उपकरण केले आणि ते पाण्याखालीही गाते म्हणून त्याला सायरन हे नाव दिले. ज्यांचा स्वर ऐकून माणसे संकटाकडे धाव घेत, त्यांचेच नाव संकटापासून दूर पिटाळणाऱ्या यंत्राला मिळाले.

आपल्या नागरी संरक्षण व्यवस्थेत या यंत्राचे दोन स्वर ठरलेले आहेत. हवाई हल्ल्याचा धोका असेल तर दोन मिनिटे चढउतार होणारा, आक्रंदनासारखा स्वर. धोका टळला की दोन मिनिटे एकसारखा, सपाट स्वर. माझ्या वर्गात मी हा फरक विचारतो तेव्हा क्वचितच एखादा हात वर होतो. दरवर्षी ३० जानेवारीला, जेथे सोय असेल तेथे, १० वाजून ५९ मिनिटांनी भोंगा वाजतो, अकरा वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे मौन पाळले जाते आणि मौन संपल्याची खूणही भोंग्यानेच होते. आमच्या पिढीला तो भोंगा ऐकताच पाय जागच्या जागी थांबवण्याची सवय होती. आज चौकात तो वाजला तर वाहने थांबतात का, हे आपणच आठवून पाहावे.

अर्थ हरवला म्हणजे काय होते, हे पाहायला फार दूर जायला नको. भोपाळ येथून दोनशे किलोमीटरही नाही. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधील त्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. कारखान्यात भोंगा नव्हता असे नाही. पण भोवतालच्या वस्तीने तो आवाज सरावाच्या आणि कामाच्या निमित्ताने इतक्यांदा ऐकला होता की त्यात भय उरले नव्हते. त्या रात्री वस्तीसाठीचा भोंगा प्रथम थोडाच वेळ वाजवून बंद करण्यात आला. पुढे तो सतत वाजू लागला तोवर वायू घराघरांत शिरला होता. भोंगा वाजला तर काय करायचे, हेही लोकांना कोणी सांगितलेले नव्हते. ओले फडके तोंडावर धरावे, वाऱ्याच्या दिशेने पळू नये, एवढी दोन वाक्ये जरी वस्तीत आधी पोहोचली असती तरी कित्येक जीव वाचते. त्या दोन वाक्यांना काय खर्च आला असता? भोपाळमध्ये यंत्र होते, आवाज होता, कान होते. मधला अर्थ तेवढा नव्हता.

दुसरे उदाहरण दूरचे, पण अलीकडचे. हवाई बेटांवर समुद्राच्या लाटांची सूचना देणारे भोंगे आहेत आणि दर महिन्याला त्यांची चाचणी होते. ८ ऑगस्ट २०२३ रोजी तेथील माउई बेटावरील लाहाइना हे गाव वणव्यात भस्मसात झाले आणि शंभराच्या आसपास माणसे दगावली. भोंगे मात्र वाजवले गेले नाहीत. जबाबदार अधिकाऱ्याने कारण दिले, की भोंगा म्हणजे समुद्राची लाट अशीच लोकांना सवय आहे. तो ऐकून ते डोंगराकडे, म्हणजे नेमके आगीकडेच धावले असते. हे कारण पुरेसे होते का, यावर तेथे पुष्कळ वाद झाला आणि त्या अधिकाऱ्याने पद सोडले. आपल्यापुरता बोध असा, की भोपाळच्या भोंग्याला अर्थ उरला नव्हता, तर लाहाइनाच्या भोंग्याला एकच अर्थ होता. आणि तिसऱ्याच संकटापुढे तोही अपुरा पडला.

आणि जो परका आहे, त्याचे काय? ७ एप्रिल २००५ रोजी आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यात धाराजी येथे नर्मदेवर अमावास्येची यात्रा भरली होती. वर इंदिरा सागर धरणातून सोडलेल्या पाण्याची खबर घाटावरच्या भाविकांपर्यंत पोहोचली नाही. पाणी अकस्मात चढले आणि पन्नासाहून अधिक माणसे वाहून गेली. नदीकाठच्या गावकऱ्याला धरणाच्या खाणाखुणा सरावाने कळू शकतात. एका दिवसासाठी आलेल्या यात्रेकरूला त्या कशा कळाव्यात? ज्या समाजाने चाचणी ऐकली आहे, तोच सावध होतो. बाकीच्यांसाठी दवंडीच हवी, शब्दच हवेत.

चाचणीचे मर्म मला येथे दिसते. आपण समजतो की चाचणी यंत्राची असते. यंत्राची चाचणी मिस्त्री एकटासुद्धा करू शकेल. गावाला ऐकवून केलेली चाचणी ही गावाच्या समजुतीची असते. स्वित्झर्लंडमध्ये फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी दीड वाजता देशभरचे भोंगे वाजवून पाहतात. पण त्याआधी दिवस, वेळ आणि खऱ्या प्रसंगी काय करावे हे सर्वत्र जाहीर केले जाते. आपल्याकडे २०२३ मध्ये भ्रमणध्वनीवर चाचणीचे संदेश आले. खिशातला फोन अचानक किंचाळला आणि पडद्यावर मजकूर उमटला, की ही केवळ चाचणी आहे, दुर्लक्ष करावे. तांत्रिक दृष्टीने ते बरोबरच होते. परंतु मनुष्यस्वभावाचा विचार केला तर दुर्लक्ष करण्याचा हा सरावच झाला नाही का?

७ मे २०२५ रोजी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव झाला, त्यांत आपले इंदूरही होते. भोंगे वाजले, संध्याकाळी काही वेळ दिवे मालवण्यात आले. आमच्या गल्लीत भोंग्याचा आवाज वाहनांच्या कर्ण्यांत मिसळून गेला, आणि शेजारच्या आजोबांनी तो लग्नाच्या वरातीचा समजला. आपण हसलो. पण दोनच दिवसांत जम्मू, अमृतसर, चंडीगड येथे खरोखरीचे भोंगे वाजले, तेव्हा हसण्यासारखे काही उरले नव्हते. त्याच सुमारास दूरदर्शन वाहिन्या आपल्या बातम्यांत भोंग्याचा आवाज पार्श्वसंगीतासारखा वाजवू लागल्या. अखेर १० मे रोजी नागरी संरक्षण महासंचालनालयाला सांगावे लागले, की लोकशिक्षणाखेरीज अन्य कारणासाठी हा ध्वनी वापरू नका. एरवी लोकांचे कान त्याला सरावतील. सरकारी कागदात अर्थाच्या झिजेविषयी इतके नेमके निरीक्षण माझ्या वाचनात क्वचितच आले आहे.

आता एक आशेचे उदाहरण देतो आणि आटोपते घेतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की घरोघरचे दूरदर्शन संच आणि भ्रमणध्वनी बंद करायचे. मुलांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. साडेआठला पुन्हा भोंगा, म्हणजे मोकळीक. सुरुवातीला घरोघर फिरून लोकांची समजूत घालावी लागली. या भोंग्यामागे ना लष्कर, ना कायदा. ग्रामसभेत बसून गावाने एका ध्वनीला अर्थ दिला आणि तो अर्थ पाळला. उद्या त्या गावावर काही संकट आलेच, तर त्याच भोंग्याने निराळी खूण करणे त्यांना जड जाणार नाही. कारण भोंगा ऐकून एकत्र वागण्याची सवय त्यांना आधीच लागलेली असेल.

मित्रहो, आपल्या ग्रंथालयाने शंभर वर्षे शब्दांचे अर्थ सांभाळले. एक लहानसा ध्वनीही त्याने सांभाळावा, अशी माझी सूचना आहे. वाचनकक्षाच्या फलकावर दोन ओळी कायमच्या लिहिलेल्या असाव्यात: चढउतार होणारा स्वर म्हणजे धोका, एकसारखा स्वर म्हणजे निर्धोक. सराव जाहीर होईल तेव्हा तारीख, वेळ आणि त्या वेळी काय करायचे ते त्याच फलकावर लागावे. आणि आपल्या सभासदांत ज्यांना कमी ऐकू येते, जे एकटे राहतात, अशांची नोंद करून त्यांना प्रत्यक्ष जाऊन कोण सांगणार, त्याचे नाव समोर लिहून ठेवावे. भोंगा कितीही मोठा असला तरी बहिऱ्या माणसाच्या दाराशी त्याची सीमा संपते. तेथून पुढे शेजाऱ्यालाच चालत जावे लागते.

या कामाला देणगीची गरज नाही, इमारतनिधीची तर नाहीच. एक खडू आणि एक वही पुरे. कार्यकारिणीच्या येत्या सभेत या सूचनेचा विचार व्हावा, एवढी विनंती.